नस दबली, पण कुठे?

रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दोन टेबलं लावतो. एकावर बीपीचं मशीन आणि साखर तपासायच्या पट्ट्या, दुसऱ्यावर नोंदवही. गेल्या पावसाळ्यात या खोलीच्या दारात एक भाऊ आले. फरशी बसवायचं काम करतात, वय चाळिशीच्या आत. आत येताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल उंबऱ्याबाहेरच राहिली आणि त्यांना ते कळलंही नाही.

हातात एमआरआयची मोठी पिशवी होती. "जय भीम ताई. गादी सरकलीय. खासगीत ऑपरेशनची तारीख दिलीय. बचत गटातून किती उचल मिळेल तेवढं सांगा." ते दुखणं विचारायला आलेच नव्हते, पैसे विचारायला आले होते. बायकोच्या कानातलं मोडायचं घरी ठरून गेलं होतं.

आम्ही पिशवी बाजूला ठेवली आणि आधी पायाकडे पाहिलं. कंबर कधीपासून दुखते विचारलं, तर म्हणाले, "फरशीचं काम आहे ताई, कंबर वीस वर्षं दुखतेय." आणि पाऊल? "पाऊल महिन्यापूर्वी. एका हॉलचं काम तीन दिवसांत उरकायचं होतं. उकिडवा बसूनच केलं सगळं. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर पंजा वर उचलेना."

त्यांना चवड्यावर चालायला लावलं, नीट चालले. टाचांवर चालायला लावलं, तर उजवा पंजा फटफट जमिनीवर आपटत राहिला. मग खुर्चीवर बसवून पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं आणि आमच्या हाताने अडवून धरलं. ती ताकद मात्र शाबूत होती. इथे आम्हांला शंका आली. आम्ही डॉक्टर नाही, निदान करणं आमचं काम नाही. पण पंधरा वर्षं वॉर्डात काढल्यावर कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीशी जुळत नाही एवढं डोळ्यांना दिसतं. त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेंदू-मज्जासंस्थेच्या ओपीडीला पाठवलं. तिथे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: एनसीव्ही आणि ईएमजी.

वस्तीत याला 'करंटची टेस्ट' म्हणतात. 'शॉक देतात', 'सुया टोचतात', 'त्याने पाय आणखी जातो' असं बरंच ऐकू येतं. तारीख मिळूनही न गेलेली माणसं आमच्या वहीत आहेत. म्हणून या महिन्याचं पान या तपासणीला दिलं आहे.

आधी गादीचं समजून घेऊ. कंबरेत पाच मणके असतात, त्यांना एल १ ते एल ५ म्हणतात. त्यांच्याखाली माकडहाडाच्या वरचं जुळलेलं हाड, त्याचा पहिला भाग एस १. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. वय झालं, ओझं वाहिलं की कडं झिजतं, कधी फाटतं आणि गर मागे सरकतो. मागे लगेचच नसांची मुळं असतात. गर मुळाला लागला की कंबरेपेक्षा पायच जास्त दुखतो: कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत वीज चमकल्यासारखी कळ जाते. हीच सायटिका. खोकला, शिंक आली की ती वाढते. गादी सरकून पायात कळ येते हे १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी मांडलं आणि तेव्हापासून गादीच्या ऑपरेशनांचा जमाना सुरू झाला.

कंबरेतल्या सरकलेल्या गाद्यांपैकी बहुतेक शेवटच्या दोन जागांवरच्या असतात, एल ४-एल ५ आणि एल ५-एस १. म्हणून दबतात त्याही मुख्यतः दोनच मुळं. एल ५ चं मूळ पायाचा अंगठा आणि पंजा वर उचलतं. एस १ चं मूळ टाच उचलून चवड्यावर उभं करतं. म्हणून टाचांवर चार पावलं आणि चवड्यावर चार पावलं चालून पाहणं ही घरच्या घरी होणारी, फुकटची, पण मोलाची तपासणी आहे. डॉक्टर केबिनमध्ये तुम्हांला चालवून बघत नसतील, गुडघ्यावर आणि टाचेवर हातोडी मारत नसतील, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलत नसतील, नुसती फिल्म दिव्यासमोर धरून ऑपरेशन सांगत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

मग एमआरआय खोटा का? खोटा नाही. तो फोटो आहे. गादी कुठे फुगली, कुठे सरकली हे तो उत्तम दाखवतो. पण ती फुगलेली गादीच तुमच्या दुखण्याचं कारण आहे का, हे फोटो सांगत नाही. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली, २७ टक्क्यांची त्याहून पुढे आलेली. दुखणं काहीच नाही! पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज मांडली गेली. दुखणं नसलेल्या विशीतल्या माणसांतही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या, आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. केस पांढरे होतात तशा गाद्या झिजतात. आता डोक्यावर घमेली वाहिलेल्या, हंडे उचललेल्या माणसाचा एमआरआय काढा, त्यात काही ना काही निघणारच. तेवढ्यावर ऑपरेशन सांगणं म्हणजे घरात चोरी झाली आणि दारासमोरून जाणाऱ्या पहिल्याला धरलं, अशातली गत.

इथे करंटची तपासणी कामाला येते. एमआरआय नसेची जागा दाखवतो, ही तपासणी नस काम कशी करते ते दाखवते. भिंतीतली वायर कुठून गेली याचा नकाशा वेगळा आणि टेस्टर लावून करंट पोचतो का पाहणं वेगळं. नसेतून विजेचे संदेश धावतात ही ओळख जुनी आहे. इटलीच्या गॅल्वानीने अठराव्या शतकात बेडकाच्या पायांवर प्रयोग करून ती मांडली आणि १८५० साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने संदेशाचा वेग मोजला, तोही बेडकाच्याच नसेत. माणसाच्या पायाच्या नसेत हा वेग सेकंदाला साधारण ४० मीटर किंवा त्याहून अधिक असतो.

तपासणीचे दोन भाग असतात, आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण फसगत इथेच होते.

पहिला भाग एनसीव्ही. पायावर चिकटपट्टीसारखे तार जोडलेले तुकडे लावतात आणि नसेच्या वाटेवर बाहेरूनच छोटा झटका देतात. पाय आपोआप उडतो. कोरड्या थंडीत लोकरीचे कपडे काढताना चटका बसतो ना, तसं वाटतं, काही जागी थोडं जोरात. झटका किती वेळात पोचला, किती ताकदीने पोचला याची मशीनवर रेघ उमटते. पोटरीच्या मागच्या नसेला झटका देऊन संदेश कंबरेपर्यंत जाऊन परत येतो का, हेही पाहतात. त्याला एच रिफ्लेक्स म्हणतात, आणि एस १ चं मूळ तपासायला तो उपयोगी पडतो.

दुसरा भाग ईएमजी. यात बारीक सुई स्नायूत घालतात: पायाच्या, कुल्ल्याच्या आणि कंबरेच्या मणक्याशेजारच्या स्नायूंत. या सुईतून करंट सोडत नाहीत. सुई फक्त ऐकते. निरोगी स्नायू सैल सोडला की शांत असतो. ज्याची नस तुटली किंवा मेली तो स्नायू शांत राहत नाही, आतल्या आत फडफडत राहतो. मशीनच्या स्पीकरवर ते ऐकू येतं, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसं. मग पाय थोडा ताणायला सांगतात आणि स्नायूतून किती संदेश येतात ते मोजतात. कोणते स्नायू फडफडतात यावरून डॉक्टर उलटा माग काढतात. पंजा उचलणारा स्नायू, पाऊल आत वळवणारा स्नायू, कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू आणि कंबरेचा स्नायू, चारही बिघडले असतील तर बिघाड एल ५ च्या मुळाशी, कंबरेत. कारण पायात या तिघांच्या नसा वेगवेगळ्या, पण कंबरेत मूळ एकच.

गादीच्या दुखण्यात दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. नुसती एनसीव्ही पुष्कळदा नॉर्मल येते. याचं कारण असं: स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या नसेच्या पेशींची गाठ मणक्याच्या छिद्रापाशी असते. गादी दाबते ती सहसा त्या गाठीच्या आतल्या बाजूला. म्हणून गाठीपासून पायापर्यंतचा धागा जिवंत राहतो आणि पायावर मोजलं तर तो धडधाकट दिसतो. मग माणसाचं पाऊल बधिर असूनही रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून येतं. सुई न लावता, टेक्निशियनने अर्ध्या तासात नुसते झटके देऊन हातात ठेवलेला कागद गादीच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर देतो. पैसे भरण्याआधी विचारा: सुईची तपासणी होणार का? डॉक्टर स्वतः करणार का? कंबरेच्या स्नायूतही सुई लावणार का? पूर्वी कंबरेचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र तिथला निकाल फारसा भरवशाचा नसतो, तेव्हा जुन्या ऑपरेशनचं आधीच सांगा.

वेळेचंही गणित आहे. नस दबल्या दबल्या स्नायूत फडफड सुरू होत नाही. कंबरेच्या स्नायूत ती आठवडाभराने दिसू लागते, पायाच्या स्नायूंत दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. काल पायात कळ आली आणि आज ईएमजी केली तर पैसे वाया. साधारण तीन आठवडे उलटल्यावर ती करणं शहाणपणाचं.

आणि सगळ्यांना ती लागते असंही नाही. कंबर दुखते पण पायात कळ नाही, ताकद शाबूत आहे, बधिरपणा नाही, अशा माणसाला करंटची तपासणी करून काही हाती लागत नाही. पायात ठरलेल्या वाटेने कळ येते, तपासणीत तेच मूळ दिसतं आणि एमआरआयमध्येही त्याच जागची गादी सरकलेली आहे, सगळं जुळतं आहे, तर तिथेही फारसा उपयोग नाही. जिथे जुळत नाही तिथे ती लावायची. शिवाय ही तपासणी जाड धाग्यांची. वेदना वाहून नेणारे बारीक धागे तिला दिसत नाहीत. म्हणून तपासणी नॉर्मल आली म्हणजे माणूस नाटक करतो, असा अर्थ काढायचा नाही. कामावरच्या साहेबाने किंवा घरच्या माणसांनी तसा काढला तर हे पान त्यांच्यापुढे धरा.

तपासणीला जाताना उपाशी राहायची गरज नाही. नेहमीच्या गोळ्या घ्या. पायाला तेल, बाम, व्हॅसलीन काही लावू नका, आंघोळ करून जा. पाय थंडगार असले तर संदेशाचा वेग कमी दिसतो, म्हणून थंडीत मोजे घालून जा आणि खोलीत पंखा जोरात असेल तर बंद करायला सांगा. पेसमेकर बसवला असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पायाला हत्तीरोगाची सूज असेल तर आधीच सांगा. सुई नवीन पाकिटातून काढलेली असावी, तुमच्यासमोर. पाऊण तास ते दीड तास लागतो. नंतर एखादा दिवस टोचलेली जागा ठणकते, कधी हिरवीनिळी होते. पाय जाण्याची भीती खोटी आहे. भगिनींसाठी एक गोष्ट आणखी. सुई कुल्ल्यात आणि कंबरेतही लावतात. साडीपेक्षा सैल सलवार किंवा गाऊन बरा. सोबत बाईमाणूस न्या, पडदा लावा म्हणा, खोलीत बाई कर्मचारी हवी म्हणा. आम्ही नोकरीत असताना पाहिलं आहे, खालच्या वस्तीतली बाई दिसली की पडदा ओढायचं राहून जातं. मागितलं की ओढतात.

आता त्या फरशीवाल्या भावांकडे येऊ. त्यांच्या तपासणीत कंबरेचे स्नायू शांत होते. कुल्ल्याचा शांत, पाऊल आत वळवणारा शांत. बिघाड फक्त पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंत. आणि एनसीव्हीमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथे, संदेश अडकत होता. उंचवट्याच्या खाली झटका दिला की स्नायू नीट उडायचा, वर दिला की जेमतेम. ही नस तिथे अगदी कातडीखालून वळते. तासन् तास उकिडवं बसलं की ती हाड आणि स्नायू यांच्यात चेपली जाते. फरशीवाले, भातलावणीच्या बायका, खाली बसून भांडी घासणाऱ्या, सगळ्यांना हा धोका आहे. एमआरआयमध्ये गादी फुगलेली होतीच, पण वीस वर्षं फरशी बसवणाऱ्या माणसाच्या कंबरेत ती निघणारच. पायाचा आणि तिचा संबंध नव्हता. कंबरेचं ऑपरेशन झालं असतं तर कर्ज झालं असतं आणि पंजा तसाच लोंबत राहिला असता. डॉक्टरांनी उकिडवं बसणं बंद केलं, पंजा धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी आणि व्यायाम दिला. अडीच महिन्यांत पंजा वर आला. आता ते प्लायचा बुटका पाट करून त्यावर बसून काम करतात. ठेकेदार कुरकुरतो, काम सावकाश होतं म्हणून.

त्याच नसेबद्दल आणखी एक. याच जागी कुष्ठरोगही बसतो. वस्तीत अजून कुष्ठरोगाचं नाव घ्यायला माणसं घाबरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. पंजा लोंबतो आहे आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, त्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, किंवा गुडघ्याबाहेरची नस दोरीसारखी जाड लागते, तर आधी सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध मोफत आहे, ६ ते १२ महिने घ्यावं लागतं, रोग पूर्ण बरा होतो. नसेचं नुकसान ताजं असेल तर वेगळ्या औषधाने ती वाचवताही येते. कंबरेचे पट्टे बांधण्यात तो वेळ घालवू नका.

मधुमेहही असाच नसा खातो. फरक असा की तो सहसा दोन्ही पायांना, तळव्यांपासून सुरू होतो. आग, मुंग्या, रात्री जास्त. बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं, पायांतल्या नसांच्या वेदनांनी झोप लागत नसे, हे आपण चरित्रांतून वाचलेलं आहे. अशा अवस्थेत त्यांनी संविधानाचं काम तडीला नेलं आणि १९४८ पासून स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांची शुश्रूषा केली. आपल्याकडे मात्र पायाची आग झाली की 'कंबरेची नस दबली' म्हणून मोकळे होतात आणि साखर तपासतच नाहीत. ब जीवनसत्त्वातलं बी-१२ कमी पडलं तरी पाय बधिर होतात. करंटच्या तपासणीत हे कंबरेच्या दुखण्यापासून वेगळं ओळखता येतं, पण साखरेची पट्टी आमच्या टेबलावर फुकट आहे, ती आधी.

गादी खरंच सरकलेली निघाली, नस खरंच दबलेली निघाली, तरी घाबरायचं कारण नाही. सरकलेला गर पुष्कळदा आपोआप आकसतो. बहुतेकांची सायटिका दीड ते तीन महिन्यांत उतरते. २००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींचं ऑपरेशन लवकर केलं, काहींना थांबवून औषध-व्यायामावर ठेवलं आणि गरज पडली तरच ऑपरेशन केलं. लवकर ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्षाअखेरीस दोन्ही बाजूंना ९५ टक्के माणसं बरी होती. तेव्हा कळ सोसवत नसेल, पोट हातावर असेल तर ऑपरेशनचा विचार चुकीचा नाही, ताकद घटत चालली असेल तर तो करावाच. पण 'आठ दिवसांत केलं नाही तर लुळे व्हाल' अशी धमकी नुसत्या कळेवर कुणी देत असेल तर ती मानू नका. अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं चाला. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सूचना काढल्या. त्यांत कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत म्हटलं आहे, व्यायाम हवा म्हटलं आहे. आपल्याकडे घरटी एक पट्टा खुंटीवर आहे. मालिशला हरकत नाही, पण पायात ताकद कमी झाली असेल तर पाठीवर पाय देऊन मणका बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

पैशाचं थोडक्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, पण करंटचं मशीन तिथे सगळीकडे नसतं. ते शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयांच्या मोठ्या रुग्णालयांत मिळतं. तिथे फी लागते, पण खासगीच्या मानाने ती किरकोळ. मुंबईकरांनी हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही चौकशी करावी. तारीख लांबची मिळते, पण तीन आठवडे थांबायचं असतंच. ऑपरेशन ठरलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आधी विचारा, मगच कानातल्याला हात लावा.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो, पण ती लिहिल्याशिवाय हे पान पुरं होत नाही. टेकडीवरच्या आमच्याच एका ताई, चार घरची कामं करणाऱ्या. दोन महिने उजव्या पायात कळ. आम्हीच त्यांना ओपीडीत नेलं, आम्हीच करंटच्या तपासणीची तारीख घेतली, मंगळवारची. आदल्या शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. आता दोन्ही पाय जड झालेत, सकाळपासून लघवीला जोर करावा लागतोय, आणि बसल्यावर खालची जागा बधिर लागतेय, सुईचं इंजेक्शन दिल्यासारखी. आम्ही त्या दिवशी लसीकरणाच्या गडबडीत होतो. आम्ही म्हणालो, पाणी प्या, मंगळवारी तपासणी आहे, तिथे सगळं कळेल.

असं म्हणायला नको होतं. कंबरेच्या खाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा असतो, गादीचा मोठा तुकडा तिथे पडला की लघवी-शौचाच्या नसाच दबतात. हे आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकलो होतो. यात करंटची तपासणी लागत नाही, तारीख लागत नाही. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पाय एकदम कमजोर झाले, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं, रात्र असो की सुट्टी. तिथे एमआरआय करून एक-दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी बघावा लागतो, तोही तारखांची वाट पाहण्यातला आजार नाही. पडून, मार लागून सुरू झालेलं दुखणंही तसंच.

त्या ताईंना रविवारी रात्री शेजाऱ्यांनी नेलं. सोमवारी ऑपरेशन झालं. पाय आले, त्या चालतात. लघवीसाठी मात्र अजून दिवसातून चार वेळा नळी घालावी लागते, ती त्या स्वतःच घालायला शिकल्या आहेत. घरकामं सुटली.

आम्ही त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात एका रविवारी त्या स्वतःहून आमच्या टेबलापाशी येऊन बसल्या, आणि आता दर रविवारी बसतात. कंबर धरून कुणी आत आलं की आम्ही वही उघडायच्या आत त्यांचा पहिला प्रश्न असतो, बाई असो वा गडी: "लघवीला नीट होतंय ना?" काही माणसं लाजतात. त्या उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत.